भावाची दुभाषी

संयोगिता हातकणंगल्याची लेक. द्राक्षवेलांचं शिक्षण घ्यायला इटलीत गेली, तिथल्या व्हेनेतो भागातल्या मळ्यांत काही वर्षं राबली आणि वडील थकले म्हणून परतली. लग्न होऊन शहरात मंगळवार पेठेत आली, तरी माहेरच्या दोन एकरांत तिनं वाइनची द्राक्षं लावलीच. मर्लो नावाची. ऊस सोडून दारूची द्राक्षं, म्हणून गाव हसला. ती कुणाला जुमानणारी नव्हती.

वडील गेले त्या वर्षीच्या भाऊबीजेला धाकट्या भावानं, पृथ्वीराजनं, तिला भारीतली इरकल नेसवली आणि लगोलग हक्कसोडीवर सही मागितली. आमच्याकडं रीतच आहे, बहिणीला साडी द्यायची आणि शेत घ्यायचं. सही न करणारी माहेराला मुकते. "नुसता कागद हाय आक्का, बाग तुझीच की," तो म्हणाला. तिनं विश्वासानं सही केली. आठवड्याभरात फाटकाला कुलूप लागलं, वर त्याच्या नावाचा फलक. जाब विचारला, तर म्हणाला, "तू दिल्या घरची. परक्याचं धन." ती रडली नाही. तिनं डूख धरला.

यंदा फेब्रुवारीत तोच भाऊ पेढे घेऊन दारात उभा. ब्रूनो नावाचा म्हातारा वाइनवाला इटलीहून बाग बघायला येणार होता, पसंत पडली तर भागीदारी करणार होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दुभाषी व्हायला आक्काच हवी होती. अडला हरी, आणि पाय धरायला बहीण. संयोगितानं लगेच होकार दिला. तिथंच त्यानं घाबरायला हवं होतं.

ब्रूनोनं बागेत फिरून मणी चाखले आणि तो खूश झाला. "हे मर्लो आमच्याकडं फ्रान्समधून आलं, पणजोबांच्या काळात," तो सांगू लागला. "मुळं खाणाऱ्या किडीनं जुन्या बागा बसल्या, तेव्हा नव्यानं लावताना आम्ही हेच परके वेल जास्त लावले. आता त्यांना कुणी परकं म्हणत नाही. एका फ्रेंच वेलाला तर आम्ही कितीतरी वर्षं दुसऱ्याच जातीच्या नावानं, काबर्ने फ्रां म्हणत होतो. तो निघाला कार्मेनेर जातीचा. त्याला त्याचं नाव परत दिलं."

संयोगिताच्या अंगाचा तिळपापड झाला. चुकून गेलेलं नाव वेलाला परत मिळतं, आणि तिचं तर भावानं जाणूनबुजून पुसलं होतं.

इतक्यात पृथ्वीराज पुढं झाला. "सांग त्यास्नी, ह्यातला वेल न् वेल मी लावलाय. आबा गेल्यावर एकट्यानं जपलाय."

संयोगितानं शांतपणे इटालियनमध्ये सांगितलं, "वेल न् वेल मी लावलाय. वडील गेल्यावर ह्यानं एका साडीवर माझी जमीन घेतली आणि मला बागेतून हाकललं." शेजारी पृथ्वीराज हसत मान डोलवत होता. जोर यावा म्हणून त्यानं छातीवर हातही मारून घेतला.

ब्रूनोचा चेहरा उतरला. त्यानं पृथ्वीराजकडं बघून काहीतरी विचारलं.

"काय म्हणत्यात पावणं?"

"विचारत्यात, तुझ्या बहिणीनं आत्ता सांगितलं ते खरं हाय का."

"शंभर टक्के खरं," पृथ्वीराज म्हणाला. "आमची आक्का कधी खोटं बोलत न्हाय."

हे मात्र तिनं शब्दाला शब्द लावून सांगितलं. पृथ्वीराजनं हात पुढं केला. ब्रूनो त्या हाताकडं न बघता गाडीकडं वळला.

"काय झालं आक्का? सांग की."

संयोगिता त्याच्या नावाच्या फलकाखालून फाटकाबाहेर पडली.