डेल्मर स्टिडमचा खटका

डेल्मर स्टिडमचा उजवा अंगठा काही कारण नसताना खाली दाबला जायचा. कॉफीचा पेला उचलताना, ट्रकचं दार उघडताना, चर्चमध्ये भजनाचं पुस्तक धरताना. नवा माणूस हसायचा, आम्ही हसत नव्हतो. चाळीस वर्षं पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा अंगठा तो. पिस्तुलाच्या अंगावर सेफ्टीचा एक छोटा खटका असतो. तो वर असला की चाप कितीही ओढा, गोळी सुटत नाही. अंगठ्याने खाली सारला की सुटते. ज्या पिस्तुलाला असा खटका नाही ते डेल्मर विकायचा नाही. आणलंच कुणी, तर दुरुस्त करून द्यायचा, पण देताना तोंड वाकडं करायचा.

त्याचं दुकान लिक ब्रँच ओढ्याच्या तोंडाशी, पेंडीच्या दुकानामागे. खाण बंद पडल्यावर माझा कोळशाचा ट्रकही थांबला, तेव्हापासून त्याच्या शेगडीपाशी माझी खुर्ची ठरलेली. वाद घालायला माणसं मुद्दाम यायची. शेरीफच्या पोलिसांना नवी पिस्तुलं मिळाली, बिनखटक्याची, तेव्हा तर रोजच. ते म्हणायचे, संकटात खटका शोधत बसायला वेळ कुणाला असतो? चापावर बोट ठेवू नये, एवढीच सेफ्टी. एकदा बर्ल कॉडिलने त्याला चिडवलं, "डेल्मर, तुझ्या आज्याचं रिव्हॉल्व्हर भिंतीवर टांगलंय, त्याला कुठाय रे खटका? आजोबा काय अडाणी होते?"

"आजोबांचा चाप ओढायला बैलाची ताकद लागायची," डेल्मर म्हणाला. "तुझ्यानं तर ओढवणारच नाही."

हे हसण्यावारी जायचं, पण त्याच्या हट्टामागे हसण्यासारखं काही नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ अर्लिस हलक्या चापाचं, बिनखटक्याचं पिस्तूल कोटाच्या खिशात टाकून कुंपण दुरुस्त करायला गेला होता. त्याच खिशात किल्ल्या होत्या. खाली वाकला आणि किल्ली चापात गेली. गोळी मांडीत शिरली. डेल्मरने त्याला ट्रकमध्ये घातलं. इस्पितळ पन्नास मिनिटांवर, आणि अर्लिसकडे पंधरा मिनिटंही नव्हती. ही गोष्ट डेल्मरने मला एकदाच सांगितली, कानस हातात धरून, माझ्याकडे न बघता.

तर त्या वर्षी मार्चमध्ये नीवा फुगेट दुकानात आली. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची ड्रेसिंगं करणारी नर्स. माझ्या बायकोचा पाय तिनेच वाचवला. नवरा ड्वाइट; घटस्फोट झालेला, कोर्टाचा मनाई हुकूमही निघालेला, तरी दारू चढली की तिच्या रस्त्यावर गाडी लावून बसायचा. मारून टाकीन म्हणाला होता. शेरीफचा माणूस यायला पंचवीस मिनिटं. तिला पिस्तूल हवं होतं.

डेल्मरने पहिला प्रश्न विचारला तो मुलीचा. ओपल चार वर्षांची, आईच्या पर्समध्ये च्युइंगगम शोधायची तिला सवय. झालं. डेल्मरने खटक्याचं पिस्तूल काढलं आणि तीन आठवडे दर शनिवारी तिला जुन्या खाणीच्या सपाटीवर नेलं. मी डबे मांडायचो. उचल, अंगठा खाली, चाप. उचल, अंगठा खाली, चाप. तिसऱ्या शनिवारी एकही डबा उभा राहिला नाही. डेल्मर इतका खूश, की परतताना आम्हाला बीन्स आणि मक्याचा पाव खायला घातला.

एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी, ड्वाइट तिच्या दारात आला. ओपल मावशीकडे होती. त्याच्या हातात चाकं खोलायचा लोखंडी पान्हा; जाळीचं दार त्याने एका फटक्यात खाली पाडलं. हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं, खुद्द नीवाकडून. ती आली, पिस्तूल रिकामं करून डेल्मरच्या टेबलावर ठेवलं, आणि उभीच राहिली. मी उठायला लागलो तर म्हणाली, बसा हर्शेलकाका, कुणीतरी ऐकलेलं बरं.

"मी चाप ओढला, डेल्मरकाका. त्याच्या छातीवर धरून. दोनदा ओढला. खटका वरच होता."



तिचे वडील तिला लहानपणी रिव्हॉल्व्हर चालवायला शिकवत. धर आणि ओढ, एवढंच. भीतीत हात तिथेच परत गेला, तीन शनिवारांचा सराव विसरून. ड्वाइटने तिचं बोट वळताना पाहिलं. त्याच्या तोंडचा रंग उडाला. पान्हा टाकून तो पायरीवर बसला आणि "तू खरंच दाबलंस" एवढंच म्हणत राहिला. शेरीफची माणसं आली तेव्हाही तिथेच बसलेला होता.

डेल्मर म्हणाला, "म्हणजे तो जिवंत आहे. आणि तुझ्या हातून माणूस मेला नाही."

"तो थांबला म्हणून मी जिवंत आहे. खटक्यामुळे नाही. तो थांबला नसता तर?"

"अर्लिसच्या पिस्तुलाला खटका असता—"

"अर्लिसकाकांच्या खिशात किल्ल्या होत्या. माझ्या दारात माणूस होता. मला खटका नसलेलं द्या."

डेल्मर मोरीशी गेला, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. ड्वाइट फार तर तीन महिन्यांत तुरुंगातून सुटणार होता, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं.

"कोण बरोबर ते मला माहीत नाही, नीवा," तो म्हणाला. पाठ आमच्याकडेच होती.

मग त्याने कपाट उघडून दुरुस्तीला आलेलं, मालकाने न नेलेलं, कायद्याने आता त्याचंच झालेलं एक बिनखटक्याचं पिस्तूल टेबलावर ठेवलं. अटी घातल्या. कमरेला, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक चामडी म्यानात. पर्समध्ये एक मिनिटसुद्धा नाही. अंगावर नसेल तेव्हा लोखंडी पेटीत, किल्ली गळ्यात.

"आणि हे दाबलंस की बार उडेल," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा विचार करायची सोय यात नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर मागतेय."

म्यान त्याने स्वतः शिवलं. दोनदा उसवलं. त्याच्या तोंडात बोट, दोरी, किल्ली, कोटाची कड, काय काय घालून पाहिलं आणि काहीही चापापर्यंत पोचत नाही अशी खात्री झाल्यावरच तिला दिलं. दर महिन्याला दाखवायला आण म्हणून बजावलं. चामडं मऊ पडलं की त्याची कड आत दुमडते, आणि पिस्तूल खोचताना तीच चाप दाबते.

ड्वाइट सुटला आणि ओहायोत भावाकडे गेला. ओपलला पत्रं पाठवतो. नीवा आधी वाचते, मग देते. ते पिस्तूल तिने कधी कुणावर उगारलं नाही. पण कमरेचं काढलंही नाही. दुकानातले वाद चालूच राहिले, बर्ल मुद्दाम उकरून काढायचा. डेल्मर ऐकून घ्यायचा, मग विचारायचा, पिस्तूल कुणाचं, राहणार कुठे, घरात आणखी कोण आहे. याच्यापुढे त्याचं मत कुणाला मिळालं नाही.

नीवा मात्र महिना चुकवत नसे. चौथ्या वर्षी एका गुरुवारी डेल्मरने म्यानाच्या तोंडातून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं. कड मऊ पडली होती. सुरीने उभं कापून त्याने ते शेगडीत टाकलं. तिला म्हणाला, बस. चामडं भिजवलं, साचा काढला. शिवून, शेगडीपाशी वाळवून कडक होईपर्यंत दुपार गेली. ती रोग्यांना फोन करून उशीर होईल असं सांगत राहिली. रिकामं पिस्तूल टेबलावर दोघांच्या मध्ये पडून होतं, आणि नवं म्यान हातात पडेपर्यंत तिने त्याला हात लावला नाही.