दुसरा बहर

गावंडे मॅडम कल्चर रूममध्ये, म्हणजे शरीराबाहेर काढलेल्या ऊती वाढवायच्या खोलीत, आल्या की आधी काहीच करत नसत. दार लावायच्या, स्टुलावर बसायच्या, डोळे मिटायच्या आणि आम्हालाही बसवायच्या. "हवेले बसू दे आधी. मंग आपण हात घालू." अकोल्यातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत पंख्याला बंदी होती. वाऱ्याबरोबर धूळ उडते आणि धुळीबरोबर बुरशीचे कण. बाहेर मे महिना भाजून काढत असे आणि आत आम्ही घामाघूम होऊन समाधी लावलेली. इन्क्युबेटरची बारीक घरघर ऐकता ऐकता मला गुंगी यायची. मॅडमचं त्यावर म्हणणं असं, की झोप लागली तरी चालेल, फक्त हलायचं नाही.

मी त्यांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. नवरा नोकरीला अमरावतीला, मी अकोल्यातच जठारपेठेत एका खोलीत. मॅडम मूळच्या अंजनगाव सुर्जीच्या, संत्र्याची बाग असलेल्या घरातल्या. लग्न केलं नाही. सगळं आयुष्य स्तनग्रंथी दूध द्यायला कशी तयार होते, हे शोधण्यात घातलं, आणि तेही उंदरांच्या. त्यांचे थोरले भाऊ चारचौघांत सांगायचे, "घरी दोन म्हशी हायेत, अन् आमची बाई अकोल्यात जाऊन उंदराच्या धारा काढून राह्यली." हे मॅडम स्वतःच सांगायच्या आणि आमच्या आधी हसायच्या.

काम मात्र फार देखणं होतं. कोवळ्या मादीला आधी काही दिवस संप्रेरकं टोचायची, मग तिची ग्रंथी अलगद काढून डिशमधल्या पोषक द्रवावर तरंगत ठेवायची. आता तिला ना शरीर, ना रक्त, ना पिल्लू. द्रवात मिसळलेलं इन्सुलिन, प्रोलॅक्टिन आणि कॉर्टिसोल, एवढाच काय तो आधार. तेवढ्यावर तिच्या दूधनलिकांच्या उघड्या फांद्यांना कळ्या धरत. लाल रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की मोहरलेलं झाड दिसे. मी पाहत बसले की जेवणाची वेळ टळून जायची. यातलं मुख्य संप्रेरक कोणतं, असं एका पाहुण्या प्राध्यापकांनी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "संप्रेरक निरोप आणते, सर. पण निरोप घ्याले घर तयार पाह्यजे ना, बाप्पा."

त्यांना हवं होतं ते याच्या पुढचं. संप्रेरकं काढून घेतली की डिशमधलं झाड झडतं, जसं पिल्लांचं दूध तुटल्यावर आईच्या शरीरात होतं. पण आई पुन्हा गाभण राहते, ग्रंथी पुन्हा फुलते. मॅडमना तो दुसरा बहर डिशमध्ये बघायचा होता. "संत्र्याले ताण देतात, पाणी तोडतात, मंग पाणी देलं की झाड फुलते. इथं काहून नाही फुलत?" दुसऱ्या खेपेसाठी आधीपासून आणखी एक निरोप, पेशींना वाढीला लावणारं एक प्रथिन, द्यावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. तोही देऊन झाला होता. दुसरीकडे लोकांना हे जमलंय, असं मी एकदा म्हणाले. त्या शांतपणे म्हणाल्या, "जगात झालं असन. माह्या डिशीत नाही झालं."

त्या उन्हाळ्याअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि खोलीचं भांडारघर होणार होतं. म्हणजे हाती होती ती शेवटची खेप. पहिला बहर आला, झडला, पुन्हा संप्रेरकं दिली. मॅडम रोज सकाळी हवा बसवायच्या आणि डिश भिंगाखाली धरायच्या. मी तेव्हा पोटुशी होते. दिवस भरत आले होते, तरी घरी बसवत नव्हतं. मलाही ते झाड फुललेलं बघायचंच होतं.

एका दुपारी डिशमधला द्रव बदलताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा मी कल्चर रूमच्या फरशीवर होते आणि दारातून गार, ओला वारा अंगावर येत होता. मॅडमनी आपल्या खोलीतला कूलर स्वतः ओढत आणला होता. उन्हाळाभर पाणी पिऊन त्याच्या ताट्या कुबट झालेल्या. बुरशीला याहून चांगलं वाहन मिळणार नव्हतं, आणि बाकावर डिश उघड्या होत्या. मी बंद करा म्हणत उठू लागले, तर त्यांनी मला खांद्याला धरून परत झोपवलं.

"पडून राह्य. डिशा गेल्या त गेल्या."

दोन दिवसांत सगळ्या डिशमध्ये पांढरा कापूस धरला. एकाच ग्रंथीच्या कडेला, बुरशी पोचायच्या आधी, कळ्यांसारखं काहीतरी दिसत होतं. मी म्हटलं, मॅडम, हे बघा, आलाय. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं आणि डिश धुवायच्या भांड्यात टाकली. बुरशी लागलेल्या डिशीतलं खरं धरायचं नसतं, एवढंच बोलल्या. मला रडू आवरलं नाही. त्या चहा करायला गेल्या.

निवृत्तीनंतर त्या अंजनगावला राहायला गेल्या. मला मुलगी झाली, पदवी मिळाली, अमरावतीच्या एका कॉलेजात नोकरी लागली. काही वर्षांनी मुलगा झाला. ही खेप अवघड गेली. दूध उतरेना. सासूबाई शतावरी, अळीव, डिंकाचे लाडू असं सगळं करून थकल्या आणि पावडरच्या दुधाची गोष्ट निघाली. मी फोनवर मॅडमपाशी रडले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या दारात हजर. कितीतरी वाळल्या होत्या. त्यांनी ना संप्रेरकं सांगितली ना औषध. बाळाला पुन्हा पुन्हा अंगाला लावायला सांगितलं आणि खोलीतली बायकांची गर्दी बाहेर काढली. मग माझ्या उशाशी बसून राहिल्या.

दुपार टळताना बाळ ओढता ओढता एकदम घटाघटा गिळू लागलं. ओठाच्या कडेनं दूध ओघळलं. मॅडम पुढे वाकल्या. पूर्वी भिंगावर वाकायच्या, तशाच श्वास रोखून.

"उतरलं?"

मी मान हलवली. एवढी वर्षं मनात होतं ते तेव्हा बोलून टाकलं. म्हटलं, मॅडम, हाच तुमचा दुसरा बहर. पुढच्याच हिवाळ्यात त्या गेल्या, म्हणजे ती आमची शेवटची भेट. त्या दुपारी मात्र त्या बाळाच्या गळ्याची हालचाल बघत राहिल्या.

"एका केसवरून काही सिद्ध होत नसते," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.