त्रेचाळीसचे एकोणतीस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोला नाही, देवापुढं नाही, दोन घोट पोटात गेल्यावरही नाही. तिथं तर तोंड जास्तच आवळून धरलं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. आत सडलंय, त्याचा वास आता माझा मलाच सोसत नाही, एवढंच.

मी कबड्डी खेळायचो. कडेगावकडच्या एका संघाचा कॅप्टन होतो, डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो. घोट्याची पकड माझी. आणि चढाईला भान्या. भानुदास, माणातला, दहिवडीच्या पलीकडच्या वाडीचा. सोळा वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. कुणाच्या ताटात घाण केली ते कळावं म्हणून सांगतोय.

पावसाळ्यात आमची मैदानं बंद असतात. जत्रा नाहीत, स्पर्धा नाहीत. तेच चार महिने संघ बदलायचे. कोण कुठं चाललाय, कोणाला कोण नेतंय — चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. पोरांना फोनवर फोन येतात. आमच्यासारख्यांना येत नाहीत. आम्ही दोघंही पस्तिशीला आलेलो, आणि आमच्या खेळात पस्तिशी म्हणजे म्हातारपणच की. सकाळी उठल्यावर गुडघा आधी विचारतो, जायचंय का आज?

त्या वर्षी फोन आला. सांगलीकडच्या एका कंपनीच्या संघाला एकच जुना, मुरलेला गडी पाहिजे होता. दोन वर्षांचा करार, वर कंपनीत कामावर घेणार. शेवटची संधी म्हणतात ती हीच. आणि त्यांना पाहिजे होता भान्या. मी नाही.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला असं मी चारचौघांत म्हणालो. पेढे पण मीच मागितले. आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. सगळं मैदान ‘भान्या, भान्या’ करतंय, आणि खाली घोट्याला लोंबकळणारा मी कोण — हे सोळा वर्षं गिळत होतो, ते त्या दिवशी वर आलं. थू.

आता ती ‘दम’ची गोष्ट. कंपनीचे मॅनेजर, मगदूम साहेब, सज्जन माणूस, पण खुर्चीवरचा. मैदानात कधी उतरलेला नाही. गडी घ्यायच्या आधी घरदार बघावं म्हणून ते भान्याच्या वाडीला गेले. भान्या घरी नव्हता. म्हातारा बाजेवर बसलेला, धापा टाकत. ‘दम हाय मला, जुना हाय,’ म्हणाला. आमच्याकडं म्हातारी माणसं दम्याला दमच म्हणतात. मग लेकाचा विषय निघाला तसा म्हातारा छाती फुगवून म्हणाला, ‘आवं, भान्यालाबी लय दम हाय!’

झालं. साहेबांना वाटलं, घराण्याचाच आजार. त्यांनी कॅप्टन म्हणून मला फोन केला, म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं आणि विचारलं, ‘त्यालाही दम आहे म्हणे. खरं का?’

मला कळलं नाही असं समजू नका. लगेच कळलं. हसून एका वाक्यात मिटलं असतं — ‘अहो साहेब, तो दम निराळा!’ मी ते मिटवलं नाही. आणि म्हणालो, ‘हाय की. दम हाय त्याला.’

पलीकडून साहेब ‘अरेरे’ म्हणाले. ते अरेरे मी ऐकलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःला काय सांगत होतो माहितीय? की मी खोटं कुठं बोललो? दम होताच की त्याला! किती लबाड असावं माणसानं? चोरी करायची आणि वर शब्दाचा अर्थ काढत बसायचं! शिसारी येते मला त्या माणसाची, आणि तो माणूस रोज आरशात दाढी करतो.

आठवड्यानं साहेबांनी मला बोलावलं. जुना गडी पाहिजेच होता. मी सही केली.

पण मला जे सांगायचंय ते हे नव्हे. इथवरचं अजून कसंबसं गिळता येतं.

गोष्ट फुटतेच. भान्याला दम लागतो, म्हणून कंपनीनं सोडला — टपरीवर बोभाटा झाला. भान्या माझ्याकडं आला. भांडायला नाही हो! कंपनीनं मला घेतलं म्हणून शाबासकी द्यायला आला. आणि मग मान खाली घालून म्हणाला, ‘बाला दमा हाय, मलाबी लागला असंल का रं? मला समजंना झालंय. तू वेळ लाव. तू खरं सांगशील.’

भर दुपारी मोकळ्या मैदानात आम्ही दोघंच. मी मोबाईलवर घड्याळ लावलं. भान्यानं मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला आणि दम धरला. कबड्डी-कबड्डी-कबड्डी... नुसता उभा राहून नाही, पुरी चढाई करत, समोर सात गडी असल्यासारखा वळत, पाय टाकत. तीस सेकंदांची चढाई असते आमची. तीस झाले. पस्तीस झाले. चाळीसला त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या, पण आवाज तुटला नाही. त्रेचाळीसला दम सुटला.

त्रेचाळीस! पंचविशीतल्या पोराला जमत नाहीत.

तो गुडघ्यावर हात ठेवून, तोंड वर करून माझ्याकडं बघत होता. मी बोटानं घड्याळ पुसून टाकलं आणि म्हणालो, ‘एकोणतीस.’

एकोणतीसच का? पंचवीस म्हणालो असतो तर त्याला पटलं नसतं. चढाईला एकच कमी — ते पटतं. एवढा हिशेब मी तेवढ्यात केला. वर त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘थांब आता गड्या, वय झालं’ असंही बोललो. माझाच हात होता तो!

भान्या थांबला. त्या हंगामात आमच्या संघाकडूनही उतरला नाही. दुसऱ्या दोन संघांनी विचारलं, तर ‘न्हाई, माझा दम गेला’ असं स्वतःच सांगून मोकळा झाला. नंतर नव्या मुंबईला मार्केटात गेला. तिथं आजही पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो, दिवसभर. मी दोन वर्षं कंपनीकडून खेळलो. जास्त वेळ बाकावरच होतो. पण काम लागलं, ते अजून आहे.

गेल्या महिन्यात गावच्या स्पर्धेत जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. भान्या रजा काढून आला. केस पिकलेत. माईक हातात दिला तसा एकदम माझ्याकडं बोट करून म्हणाला, ‘माझी वेळ झाली तवा सगळी तोंडावर ग्वाड बोलत हुती. खरं बोलला त्यो ह्यो एकटा. ह्येच्यामुळं माझी इज्जत राहिली.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भान्यानं स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून माझ्या खांद्यावर घातली. मी घालून घेतली.