मेथीची भिंत

माझ्या घराची पूर्वेकडची भिंत बकऱ्यांनी खाल्ली.

पडली नाही, खचली नाही, पुरात वाहून गेली नाही. खाल्ली! हे मी लोकांना सांगते तेव्हा ते आधी हसतात, मग माझ्याकडे नीट बघतात आणि हळूच विचारतात, "काकू, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. भिंतच तेवढी नाही.

मुळापासून सांगते. आमच्या ह्यांनी शहराबाहेर, कळमेश्वरच्या रस्त्याला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. रिटायर झालं की तिथं लहानसं घर बांधायचं, भाजी लावायची, असं चाललेलं. रविवारी आम्ही दोघं जायचो. गुडघाभर गवतात उभे राहून हे हात करून दाखवायचे, "हे तुझं स्वयंपाकघर." मी त्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "ऊन फार येतं इथं. खिडकी तिकडे घ्या." हे लगेच खिडकी तिकडे घ्यायचे. (बांधकाम इतकं सोपं नंतर कधी झालं नाही.) मग हे रिटायर झाले. निरोपाच्या शालीची घडी मोडली नव्हती, आणि हे गेले.

त्यानंतर फ्लॅटमध्ये मी एकटी. एका माणसाची भाजी करता येत नाही हो! कितीही कमी करा, उरतेच. उरलेली सकाळी खायची, की सकाळची उरते. असं मी वर्षभर शिळंच खात होते. मुलगा मोहन पुण्याला, रोज त्याचा फोन.

"आई, प्लॉट विकून टाकू. तू इकडे ये."

"आणि तिथं करू काय?"

"आराम कर."

आराम! बाराव्या मजल्यावर बसून लिफ्टचा आवाज ऐकायचा, याला तो आराम म्हणून राहिला.

त्याच दिवसांत मला मोबाइलवर पर्माकल्चर सापडलं. मातीची घरं, भाज्यांचे वाफे, दाढीवाली तरुण मंडळी. मला समजलं ते एवढंच, की निसर्गाला त्याचं काम करू द्यायचं, आपण मधात यायचं नाही. मी म्हटलं, हे तर जमेल! मोहनशी भांडून भांडून शेवटी तोड निघाली. तो डिसेंबरच्या सुट्टीत येईल. तोवर प्लॉटवर राहण्याजोगी एक खोली उभी झाली, तर मी तिथं राहीन. नाही झाली, तर प्लॉट विकायचा आणि मी मुकाट्यानं पुण्याला.

लगेच मी वर्ध्याकडच्या एका शिबिरात जाऊन आले. तिथला मुलगा म्हणाला, "मावशी, मातीशी बोला." मी बोलले. (मी कोणाशीही बोलते.) त्यानं भिंतीच्या गाऱ्याची कृती सांगितली. माती, शेण, कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आणि चिकटपणा यावा म्हणून गूळ, उडीद अन् मेथी, भिजवून वाटून. मला तर स्वयंपाकघरातच आल्यासारखं वाटलं. प्रमाण मी लिहूनसुद्धा घेतलं नाही. आयुष्यात कधी मोजून घातलं नाही, ते भिंतीसाठी मोजू?

इतवारीच्या बाजारात गेले. दुकानदारानं माझी मागणी ऐकून विचारलं, "काय काकू, घरी लग्न आहे?"

"नाही, भिंत आहे."

त्यानं गूळ तोलला.

लोखंडी खांबांवर टिनाचं छप्पर आधीच घालून घेतलं होतं. आता फक्त भिंती. शेजारच्या शेतातली वनिता मदतीला यायची. आम्ही दोघी लुगडी खोचून गारा तुडवायचो. पहिल्या दिवशी तिनं गुळाची भेली बघितली आणि पायच थांबवले.

"काहून वं काकू, गूळ भितीत टाकून राहिल्या? माह्या पोरायले द्या ना, ते तरी चाटतीन!"

"अगं, मजबुती येते त्यानं."

"मेथी, गूळ, उडीद... हे त बाळंतिणीचं सामान हाय!"

खरंच होतं. मी त्या भिंतीचं बाळंतपणच करत होते म्हणा ना. घरून मेथी भिजवून, ओल्या फडक्यात बांधून नेली होती. तिथं गेल्यावर लक्षात आलं, की प्लॉटवर वीज नाही, मिक्सर कशावर लावू? म्हटलं, भिजली आहे ना, मग पूर्वेच्या भिंतीत अख्खीच जाऊ दे. जन्मभर मटकीला मोड आणणारी बाई मी. ओल्या फडक्यातल्या मेथीचं पुढं काय होतं, हे मला माहीत नव्हतं? होतं. पण भिंत म्हटल्यावर डोकं बाजूला ठेवून दिलं.

आठवडाभरात भिंत हिरवी झाली.

आधी बारीक कोंब, मग दोन-दोन पानं, मग चांगली लुसलुशीत मेथी! कुटारात राहिलेले गव्हाचे दाणेही मधातून डोकं काढून उभे. मी घाबरायचं सोडून खूष! व्हिडिओ कॉलवर मोहनला दाखवली.

"आई, भिंतीवर काय आहे ते?"

"पालेभाजी."

"भिंतीवर?"

"पर्माकल्चरमध्ये असंच असतं." (मला काय माहीत काय असतं!)

त्या संध्याकाळी भिंत खुडून मी आलू-मेथी केली. दाताखाली जरा कचकच लागली, पण कितीतरी दिवसांनी ताजी भाजी खाल्ली आणि ती उरली नाही. मला वाटलं, जमलं बाई. आता ह्यांना सांगायचं तेवढं राहिलं.

ठरलेल्या रविवारी मोहन आणि सूनबाई पल्लवी आले. मी पुरणपोळीचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले. खोलीत बसून जेवायचं, असा बेत. प्लॉटवर उतरलो, तर पूर्वेच्या भिंतीला वनिताच्या सगळ्या बकऱ्या! मेथी केव्हाच संपवलेली. आता मुळं ओढून काढणं सुरू होतं आणि मुळांबरोबर गुळाची माती येत होती, तर ती चाटणं सुरू होतं. तिची राणी नावाची बकरी मागच्या पायांवर उभी राहून भिंतीला शिंगं घासून राहिली होती.

"हाड! हाड!" मी डबा घेऊन धावले. राणी दचकली आणि पुढच्या दोन्ही पायांनी भिंतीवर पडली.

मोठा आवाज झाला असता तर बरं वाटलं असतं. नुसतं 'धप्प' झालं. ओली गादी पडते तसं.

तेवढ्यात वनिता ओरडत आली. "अवं काकू! माह्या राणीले जुलाब लागले त मी कोनाले धरू?"

"अगं, तिनं माझी भिंत खाल्ली!"

"मंग इतकी चवदार काहून बनवली?"



पल्लवी गुणाची. म्हणाली, "छान होती हो आई भिंत." माणूस गेल्यावर म्हणतात तसं. मोहन मात्र हसला नाही, चिडलाही नाही. पत्र्याखालच्या चिखलात उभं राहून म्हणाला, "बाबा इथंच म्हणायचे ना, स्वयंपाकघर?"

"इथंच. खिडकी तिकडे."

त्यानं तिकडे बघितलं. मग म्हणाला, "आई, तू आत झोपली असतीस तर?"

(झोपले असते तर बकऱ्या हाकलल्या असत्या. पण त्याचे डोळे बघितले आणि मी डबा उचलून गाडीकडे वळले.) पुरणपोळ्या आम्ही गाडीतच खाल्ल्या. कोणालाच दुसरी गेली नाही.

मग प्लॉट विकायला काढला. दलाल एका जोडप्याला घेऊन आला. मी आणि मोहन बाजूला, परक्यासारखे उभे.

"साहेब, पाणी वीस फुटावर. आणि जमीन कशी? एक नंबर!" दलालानं उरलेल्या भिंतीकडे हात केला. "इथं भिंतीला पण भाजी येते! काकूंनाच विचारा."

ती बाई माझ्याकडे वळली. "खरंच?"

"मेथी होती," मी म्हटलं. "कोवळी."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा दोन पावलं सरकला आणि हात करून म्हणाला, "स्वयंपाकघर इथं घेऊ."

"तिथं ऊन फार येतं," मी म्हटलं. मोहननं माझा दंड धरला. दलालाचं सुरूच होतं. मोकळी हवा, सोन्यासारखी माती, अशी जागा पुन्हा मिळायची नाही! इतकं मनापासून बोलून राहिला होता तो, की मला राहवेना. मी मोहनच्या कानाशी गेले आणि म्हटलं, "बाळा, आपणच घेऊन टाकायचा का रे हा प्लॉट?"