आयव्हरी की ऑफ-व्हाइट

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. रशीदभाईंची नजर गेली नव्हती. चूक माझी होती.

साल एकोणीसशे ब्याण्णव. नवीन जालन्यात एका सेठजींचा बंगला, रंगकामाचा सुपरवायझर म्हणून माझं पहिलं स्वतंत्र काम. चार दिवसांवर वास्तुशांत. उत्साह असा, की मी जेवायचंही विसरायचो.

रशीदभाई आमचे मिस्त्री. पांढऱ्या रंगात घट्ट रंग, म्हणजे स्टेनर, ते नजरेनंच मिसळत. किंचित पिवळा पडला की आयव्हरी, किंचित काळा पडला की ऑफ-व्हाइट. हॉलच्या भिंतीवर आम्ही दोन्हींचे पट्टे मारले. खाली मी पेन्सिलीनं नंबर टाकले आणि डायरीत उतरवले: एक आयव्हरी, दोन ऑफ-व्हाइट. पट्ट्यांवर रंगाचा दुसरा हात मारताना नंबर झाकले गेले. मी आठवणीनं पुन्हा लिहिले. उन्हात दोन्ही सारखेच दिसत होते.

संध्याकाळी सेठाणीभाभी आल्या. ट्यूबलाइट लावली आणि फरक उघडा पडला. मला टाळी वाजवावीशी वाटली.

"एक नंबर," भाभी म्हणाल्या. "दोन नंबरला तर कावीळ झालीये."

डायरीत एक म्हणजे आयव्हरी. सकाळी मी तोच रंग मिसळायला सांगितला.

रशीदभाई थांबले. "साहेब, भाभींनी बोट ठेवलं तो ऑफ-व्हाइट हाय."

"डायरीत लिहिलंय ना, रशीदभाई. जल्दी करा."

"डायरीला डोळे न्हाईत, साहेब," ते हसले आणि कामाला लागले.

दोन दिवसांत हॉल झाला. भाभींनी ट्यूब लावली. "अहो, तीच कावीळ घरात आणली की!"

तेव्हा उमगलं, भिंतीवर मी नंबर उलटे लिहिले होते. पट्टे तर रंगाखाली गेलेले.

"मिस्त्री, ये क्या किया?" सेठजींनी विचारलं.

"मिस्त्रींचं वय झालं," मी पटकन बोललो. "नजर साथ देत नाही आता."

रशीदभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फडक्याला हात पुसले. "हां सेठजी, गलती हो गई."

त्यांनीच रात्रंदिवस खपून हॉल ऑफ-व्हाइट केला. वास्तुशांतीला माझं कौतुक झालं, पुढचे तीन बंगले मिळाले. रशीदभाईंना मात्र गावात कुणी शेड मिसळायला बोलावेना. ते खिडक्यांच्या जाळ्या रंगवू लागले.

तेव्हापासून मी पट्ट्याखाली नंबर टाकत नाही. रंगाचं नावच लिहितो, तेही शेवटचा हात वाळल्यावर.

रशीदभाई अजून जालन्यातच आहेत. त्याच हॉलमध्ये, सेठजी आणि भाभींसमोर, त्यांची नजर बराबर होती हे सांगायचं देणं मी अजून त्यांचं लागतो.