स्पिरिटखालची हिरवी पट्टी

शिराळ्याकडच्या अंजना बनसोडे दहावी शिकलेल्या, सांगलीतल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होत्या. सत्त्याण्णव सालची गोष्ट. तिथले नानासो जगदाळे सर रंग न घालता रंग तयार करायच्या खटपटीत होते. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक काचेच्या गोळ्या पाण्यात सोडायच्या आणि काचपट्टीवर थरावर थर बसू द्यायच्या. थर एकसारखे बसले, की त्यांच्यावर पडलेल्या उजेडातला एकच रंग परत फिरतो, असं सर सांगत. पण सहा महिने पट्ट्या दुधाळच निघत होत्या.

शेजारचा पाण्याचा पंप सुरू झाला की टेबल थरथरतं आणि थर विस्कटतात, हे अंजनाबाईंनी हेरलं. सायकलची ट्यूब जराशी फुगवून तिच्यावर त्यांनी शहाबादी फरशी ठेवली आणि फरशीवर पट्टी बुडवलेलं भांडं. एकवीस दिवसांनी पट्टी सुकली ती पोपटाच्या पंखासारखी हिरवीगार.

त्याच आठवड्यात काम पुढं चालू ठेवायचं की नाही ते ठरवायला पुण्याहून एक तज्ज्ञ आले. पट्टी कुणी केली, हे ऐकल्यावर त्यांनी ती खाली ठेवली आणि यात कुणीतरी रंग मिसळलाय, असं सरळ सांगितलं. सर बाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "अंजनाबाई, खरं काय ते सांगा."

अशी पट्टी एकच होती. पण ती ओली असताना फिकी होती आणि सुकता सुकता हिरवी झाली, हे बाईंनी रोज पाहिलं होतं. त्यांनी पट्टी पांढऱ्या बशीत ठेवून स्पिरिटची बाटली उचलली.

"रंग असंल तर ह्यात उतरंल. तुमीच बघा, सर."

कडेनं थेंब सोडले. स्पिरिट पसरेल तसा हिरवा रंग विझत गेला आणि उरली नुसती काच. सर धावले, तज्ज्ञांनी त्यांना हातानंच थांबवलं. बशीतलं स्पिरिट स्वच्छ होतं. पण पट्टीही कोरीच. बाईंनी बाटलीला बूच लावून ती बाजूला ठेवली. आपणच सगळं धुऊन टाकलं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात एका कोपऱ्यात हिरवी रेघ उमटली. स्पिरिट उडत गेलं तशी ती रुंदावली आणि सगळी पट्टी पुन्हा हिरवी झाली. गोळ्यांमधल्या फटींत स्पिरिट भरलं होतं तोवर रंग परत फिरत नव्हता, फटी मोकळ्या झाल्या तसा तो आला. मधोमध तेवढी एक चीर पडली.

तज्ज्ञांनी वही काढली आणि बाईंना खुर्ची देऊन पट्टी कशी केली ते पहिल्यापासून सांगायला लावलं. काम चालू राहिलं. सरांनी माफी मागितली नाही, पण अहवालात बाईंचं पूर्ण नाव लिहिलं. पुढच्या बारा पट्ट्यांतल्या पाच चांगल्या निघाल्या. त्यातली एक लाल होती, तिच्या गोळ्या जरा मोठ्या होत्या म्हणून.