अंगणातली सातवी पुतळी

"हलायचं नाही!"

आमच्या घरमालकांचं स्वागत असं असायचं. फाटकाची कडी वाजली, की अंगणात पालथे पडलेले सुभेदारसाहेब मान न वळवता एक हात वर करायचे आणि ओरडायचे. दूधवाला, कुरिअरवाला, मी, सगळ्यांना सारखंच. जिथं असू तिथं थांबायचं. मग ते उठणार, जमिनीवर ताणलेल्या पांढऱ्या फितींच्या मधून चालत येणार आणि "हां, आता माझ्या मागून," म्हणत आपल्याला जिन्यापाशी नेऊन सोडणार. नवीन माणसाची गाळण उडायची. जुने लोक हातातलं ओझं खाली ठेवून निवांत उभे राहायचे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याच्याबद्दल लोक म्हणतात, "मनानं चांगला आहे हो, फक्त राग वाईट." हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. ज्याला तो राग सोसावा लागतो, त्याच्या तोंडून ते मी कधी ऐकलेलं नाही.

सुभेदारसाहेब सातारा जिल्ह्यातले. फौजेत पेरलेले सुरुंग शोधून काढायचं त्यांचं काम. शेवटची नेमणूक लखनऊ छावणीत झाली आणि निवृत्तीनंतर छावणीच्या मागेच घर बांधून ते राहिले. मी नाशिकहून बँकेच्या बदलीवर आले, तेव्हा इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या सुचवल्या. "आपली माणसं आहेत," म्हणाल्या. साहेबांच्या बायको, काकू, खरोखरच आपल्या निघाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पिठलं-भाकरी वर पाठवली आणि निरोप दिला, "खाली आरडाओरडा झाला तर दार लावून घे. आणि पिठलं गरम आहे तोवर खा."

आरडाओरडा रोजचा. सिलिंडरवाल्यानं पायरीवर सिलिंडर आपटला म्हणून साहेबांनी त्याची गचांडी धरून त्याला कुंपणावर दाबलं होतं. डाळीत खडा लागला म्हणून कुकर खिडकीतून बाहेर आला, तो माझ्या स्कूटीच्या आरशावर. दुसऱ्या दिवशी स्वतः नवा आरसा बसवून दिला आणि वर मलाच दरडावलं, "गाडी सावलीत लावत जा." मी हसले. काकूंच्या मनगटावर त्या दिवशी कुकरचा चटका होता, तो दिसल्यावर मात्र हसू आलं नाही.

काकूंकडे एक पुतळीहार होता, त्यांच्या आईचा. पुतळी म्हणजे सोन्याची पातळ गोल चकती, जुन्या नाण्यासारखी, वर देवीचा ठसा. अशा चकत्या रेशमात ओवून हार करतात. तो हार त्यांना मुलीला द्यायचा होता. मुलीनं पुण्यात स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं आणि साहेबांसमोर तिचं नाव काढायचीही चोरी होती. तिला दिवस गेले, डोहाळजेवण ठरलं, तेव्हा काकूंनी नवऱ्याला न विचारता तिकीट काढलं. श्रावण चालू होता. हार पेटीत नको म्हणून त्यांनी गळ्यातच घातला, वरून पदर घेतला आणि पिशवी घेऊन त्या व्हरांड्यात आल्या. नेमके तेव्हाच साहेब फौजी कॅन्टीनमधून परत आले.

मी वरच्या गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. सगळं माझ्यासमोर झालं. त्यांनी पदर ओढला, हार मुठीत धरला आणि हिसडा दिला. "तिला यातली एक चकतीसुद्धा जाणार नाही!" रेशीम काकूंच्या मानेत रुतून तुटलं. पुतळ्या त्यांनी मूठभर मूठभर अंगणातल्या चिखलात भिरकावल्या आणि बूट घातलेल्या पायांनी त्या चिखलात तुडवल्या. मी धावत खाली गेले. काकू गुडघ्यांवर बसून चिखल चाचपत होत्या, मानेवर रक्ताची बारीक रेघ. मी वाकले तर त्या म्हणाल्या, "तू नको. तुलापण लागेल." त्यांनी मिळतील तेवढ्या वेचल्या, पदराला गाठ मारली आणि उठल्या. "सात चिखलात राहिल्या," हे त्या मोठ्यानं म्हणाल्या, व्हरांड्यात ऐकू जाईल असं.

स्टेशनवर मीच सोडायला गेले. एवढी वर्षं 'हे' आणि 'ह्यांनी' म्हणणाऱ्या काकू त्या दिवशी वेगळंच बोलल्या. "त्यानं पायाखाली घातल्यात, त्यानंच काढाव्यात. आणि तू खोली सोडू नको. कुणीतरी बघणारं असू दे." तुम्ही विचाराल, अशा माणसाच्या घरात मी का राहिले. या एका वाक्यासाठी राहिले.

पावसाळा सरला आणि अंगणात ते धातू शोधायचं यंत्र आलं. लांब दांडी, खाली थाळीएवढी चकती, कानाला हेडफोन. गल्लीला त्यांनी सांगितलं, "पुरानी जगह है, सिक्के ढूँढता हूँ. शौक है." मलाही तेच सांगितलं, मराठीत. मी म्हटलं, "छान." दोघांनाही माहीत होतं काय चाललंय ते.

काम मात्र ते सुरुंगांसारखंच करायचे, दुसरं येतच नव्हतं. सगळ्या अंगणात फिती ताणून पट्टे आखले. तपासलेल्या पट्ट्याबाहेर पाय पडता कामा नये, स्वतःचाही. हेडफोनमध्ये आवाज आला की पोटावर झोपायचं, बारीक सळई जमिनीत तिरकी सरकवायची, उभी कधीच नाही, आणि बोटांनी माती चिमूट चिमूट बाजूला करायची. गणपतीच्या मूर्तीवरची धूळ काढावी तसे ते हात चालायचे. हेच ते हात, असं मनात यायचं आणि माझं डोकं फिरायचं.

लखनऊची माती जुनी. बाटल्यांची बुचं निघाली, घोड्याचा नाल निघाला, शिशाच्या गोळ्या निघाल्या. आणि नाणी तर बरीच. जोडमाशांचा ठसा असलेले नवाबी तांब्याचे पैसे, घासून गुळगुळीत झालेले. दर आवाजाला ते श्वास रोखायचे, माती काढायचे, तांबं दिसलं की "कचरा!" असं ओरडून तो पैसा समोरच्या भिंतीवर फेकून मारायचे. भिंतीचा गिलावा तिथं खड्ड्याखड्ड्यांचा झाला होता. लोक ज्यासाठी असं यंत्र विकत घेतात, ते या माणसाच्या अंगणात भिंतीखाली पडलेलं असायचं.

कुणीतरी अमीनाबाद बाजारातल्या एका जुन्या नाण्यांच्या शौकिनाला हे सांगितलं. बिचारा रिक्षा करून आला, फाटकात अर्धा तास उभा राहिला आणि भिंतीखालचा एक पैसा उचलून डोळ्याला लावला.

"साहब, ये तो नवाबी है! मछलियाँ देखिए!"

"सब उठाओ और निकलो," साहेब म्हणाले.

"क्या दाम नज़र करूँ इनका?"

"निकलो!"

तो रुमालात नाणी बांधून उलट्या पावलांनी बाहेर गेला.

पुतळी पहिल्यांदा सापडली ती त्यानंतर. सोनं पातळ, त्यामुळे आवाज अगदी दबका, असं नंतर त्यांनी मला सांगितलं. त्यांनी ती दात घासायच्या ब्रशनं धुतली आणि स्टीलच्या ताटलीत ठेवली. बुटाच्या टाचेनं तिला बाक आला होता. तो सरळ करायला ते घाबरत होते, तुटेल म्हणून. मला हाक मारून म्हणाले, "ठसा दिसतोय ना अजून?" दिसत होता. तेवढ्यापुरती मला त्यांची दया आली, हे कबूल केलं पाहिजे.

शौकिनानं अमीनाबादेत काय सांगितलं देव जाणे. गल्लीत बातमी फिरली की फौजीला हंडा सापडलाय. ऐन उन्हाळ्यात, दुपारी, पाच-सहा जण कुदळी घेऊन फाटकातून आत आले.

"हलायचं नाही!" साहेब गरजले. मग हिंदीत, "हिलना मत!"

"अरे सूबेदार साहब, ज़मीन के नीचे का माल सबका होता है," पुढचा म्हणाला आणि पट्ट्यात पाय टाकला.

साहेबांनी सळई फिरवली. त्या माणसाच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला गॅलरीत ऐकू आला. मग सगळे तुटून पडले. फिती तुटल्या, कुदळी जमिनीवरही पडल्या आणि त्यांच्या पाठीवरही. ते एका पट्ट्यावर आडवे पडून राहिले, हातपाय पसरून, मार खात. कुणीतरी वीट घातली, ती कपाळावर लागली. मी वरून पाण्यानं भरलेली बादली खाली फेकली, किंचाळले, पोलिसांना फोन केला. पोलीस येईपर्यंत माणसं पळाली होती आणि अंगण नांगरल्यासारखं झालं होतं.

टाके घालून घरी आणलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी ते डोक्याला पट्टी बांधून फिती ताणत होते. "माती हलली," म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून." मी त्या दिवशी काकूंना फोन करून सगळं सांगितलं. ताटलीत एव्हाना सहा पुतळ्या झाल्याचंही सांगितलं.

आणि थोड्याच दिवसांत त्या आल्या. न कळवता, अमौसी विमानतळावर उतरून टॅक्सीनं. गाडीत मुलगी बसली होती, मांडीवर बाळ. काकूंनी हळूच कडी काढली आणि आत आल्या. साहेब फाटकाकडे पाठ करून पालथे झोपले होते. चाहूल लागली तसे ते गर्रकन वळले. न तपासलेल्या मातीवर चप्पल घातलेलं पाऊल पडत होतं, तेवढंच त्यांनी पाहिलं. गुडघ्यांवर उठून, सळई धरलेला हात वर उगारून ते पूर्ण ताकदीनं ओरडले, "हलायचं नाही! पाय उचललास तर याद राख!"

काकू जागच्या जागी थिजल्या. त्यांचा हात मानेवर गेला.

तो हात साहेबांनी पाहिला. सळई टाकून ते उठले आणि फिती, पट्टे, सगळं तुडवत सरळ काकूंकडे धावले. काकू मागं सरल्या, फाटकाबाहेर झाल्या आणि त्यांनी बाहेरून कडी लावली. "जखम बरी दिसतेय," त्यांच्या कपाळाकडे पाहत एवढंच म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. गाडीत बाळ रडत होतं. साहेब गजांना धरून उभे राहिले. गाडी वळली तसं त्यांनी फाटकाच्या खांबावर कपाळ आपटलं, पुन्हा आपटलं. टाके उसवून रक्त डोळ्यांत उतरलं तरी थांबेनात, तेव्हा मी आणि दूधवाल्यानं त्यांना मागं ओढलं.

दवाखान्यात नेताना ई-रिक्षात ते म्हणाले, "माझ्या हातात सळई होती."

"होती."

"मारायला नव्हती."

"ते त्यांना कसं कळणार?" मी ओरडले. रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. "आयुष्यभर तुमचा वर गेलेला हात खाली कुठं आला, ते त्यांनी पाहिलंय!"

त्यांनी कपाळावर दाबलेला हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

दिवाळीला मी नाशिकला निघाले, तेव्हा त्यांनी सहा पुतळ्या रुमालात बांधून दिल्या. "पुण्याला पोचव. सातवीपण काढतो म्हणावं. सापडली की स्वतः घेऊन येतो."

पुण्यात काकूंनी रुमाल उघडला. एकेक पुतळी उचलून तिचा बाक अंगठ्यानं चाचपला. निरोप ऐकल्यावर त्यांचा अंगठा थांबला.

"ती सापडू नये," त्या म्हणाल्या. "सापडली की तो इथं येईल."

मुलगी बाळाला पाजत होती, तिनं मान वर केली नाही. मी विचारलं, "हे त्यांना सांगू?" काकू म्हणाल्या, "सांग. जसंच्या तसं सांग."

लखनऊला परतल्यावर मी जसंच्या तसं सांगितलं. साहेब व्हरांड्यात लसूण सोलत बसले होते. मला वाटलं, आता ताट भिंतीवर जाणार. ते लसूण सोलत राहिले. सगळ्या पाकळ्या सोलून झाल्यावर म्हणाले, "बरं." संध्याकाळी त्यांनी सगळ्या फिती गुंडाळल्या. यंत्र लोखंडी पेटीत गेलं.

मग आमच्या अंगणात कुणीही कुठूनही चालू लागलं. गवत वाढलं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि त्यानंतरच्या थंडीत ते गेल्याचं फोनवर कळलं. क्रियाकर्म फौजेतल्या मित्रांनी केलं. काकू आल्या नाहीत आणि मला ते योग्य वाटलं. रडू मात्र आलं, ते का, हे अजून नीट सांगता येत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या सकाळी. शेजाऱ्यांनी सापांची भीती घातली म्हणून त्यांनी माळी बोलावला होता. माझं सामान टेम्पोत चढत होतं. माळी पेरूच्या झाडाखाली खुरपत होता आणि त्याचं खुरपं कशाला तरी लागून किणकिणलं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. आयुष्यभर जमिनीतल्या धातूचे आवाज ऐकलेला माणूस तो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

"कुछ है, साहब," माळी म्हणाला. "निकालूँ?"

ते परत खुर्चीत बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते.

"पत्थर है," ते म्हणाले. "मिट्टी डाल दो."